लोकर किती, खळ किती

यशोदाबाईंच्या पाटल्या जर्मनीला गेल्या त्याला सव्वा वर्ष होत आलं होतं, आणि अजून पोचल्याचं पत्र नव्हतं.

पाटल्या साडेनऊ तोळ्यांच्या. यशोदाबाईंच्या आईने त्या स्वतःच्या हातातून काढून लेकीच्या हातात घातल्या होत्या आणि म्हटलं होतं, "तुला मी चौथीतून काढलं, ते माझ्या मनातून जात नाही. तुझ्या मुलीला काढू नकोस." चौथीत असताना यशोदाबाईंचा हिशेबात पहिला नंबर होता. मुलगी पद्मजा आता मराठी सातवी झाली होती. पुढे तिने पुण्याला, मुलींच्या हायस्कुलात, तिथल्याच वसतिगृहात राहून मॅट्रिक व्हायचं, आणि त्या खर्चाला पाटल्या, असं ठरून गेलं होतं. म्हणजे यशोदाबाईंनी ठरवलं होतं. घरात दुसरं ठरवणारं माणूस म्हणजे त्यांचे यजमान, वेणीमाधवपंत.

वेणीमाधवपंत करकंबकर सोलापुरातल्या सरकारी हायस्कुलात संस्कृत शिकवत. सज्जन माणूस. चहात साखर कमी पडली तर ते न बोलता प्यायचे आणि मग अर्धा तास साखरेच्या इतिहासावर बोलायचे. त्यांच्याकडे जर्मनीत छापलेला पाच खंडांचा संस्कृत कोश होता. एकेक खंड पाटावरवंट्याएवढा. दसऱ्याला लोक शस्त्रं पुजतात, पंत कोश पुजायचे. त्या कोशामुळे जर्मन राष्ट्राबद्दल त्यांची काही ठाम मतं झालेली होती.

सन बावीसच्या चैत्रात महादेवप्पा घरी आला. हा महादेवप्पा साळ्यांना सुताचे रंग पुरवायचा, आणि रंग जर्मनीचे. तो म्हणाला, "पंत, लढाईच्या आधी एक मार्क बारा आण्याला हुता. आज एका रुपायाला ऐंशी मिळतेत की! मुंबईत लोक पोत्यानं घ्यायलेत."

पंतांनी डोळे मिटले. त्यांच्या मुद्रेवर जो प्रकाश पसरला तो यशोदाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला, आणि पाटल्यांचे हात पदराखाली घेतले.

"जे राष्ट्र संस्कृत शब्दांवर पाच खंड छापतं," पंत म्हणाले, "त्याचं नाणं बुडणार? ज्यांनी आपल्या धातूंची इतकी काळजी घेतली ते स्वतःच्या धातूची घेणार नाहीत? शिवाय ते इंग्रजांचे शत्रू. हा व्यवहार नव्हे, ही देशसेवा आहे."

पाटल्या मागितल्या तेव्हा यशोदाबाई नाही म्हणाल्या असत्या. पण पंतांनी पद्मजाचं नाव घेतलं. अडीचशे रुपयांचे वीस हजार मार्क. बारा आण्याचा भाव परत आला की पंधरा हजार रुपये. पद्मजा पुण्यालाच काय, विलायतेलाही जाईल. यशोदाबाईंनी तोंडी हिशेब केला. गुणाकार बरोबर होता. त्यांनी हाताला साबण लावून पाटल्या स्वतः उतरवल्या. आपण स्वतः उतरवल्या, ही गोष्ट पुढे त्यांना सगळ्यात जास्त झोंबली.

बदल्यात महादेवप्पाकडून हजार हजाराच्या वीस नोटा आल्या. प्रत्येकीच्या मागच्या बाजूला दोन धष्टपुष्ट बायांचं चित्र. पंतांनी त्या नोटा कोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवल्या. त्याच खंडात पुण्याच्या एका प्रोफेसरांचं जुनं पत्र खुणेसाठी घातलेलं होतं: लढाईपासून हा कोश येईनासा झाला आहे, आपण देणार असाल तर दोनशे रुपये रोख पाठवतो. ह्या पत्राला पंतांनी उत्तर दिलं नव्हतं. कोश विकायला सांगणाऱ्या माणसाला उत्तर देण्याइतका त्यांचा तोल तेव्हा सावरलेला नव्हता.

मग मार्क उतरायला लागला. आषाढात रुपयाला दीडशे झाले. पंत म्हणाले, उडी मारण्याआधी वाघ मागे सरतो. दसऱ्याला सहाशे झाले. पंत म्हणाले, हा इंग्रजांचा कावा. संक्रांतीला साडेतीन हजार झाले तेव्हा फ्रेंचांनी जर्मनांच्या कोळशाच्या खाणींत शिपाई घुसवले होते, त्यामुळे पंतांना फार बरं कारण मिळालं. ते त्यांनी होळीपर्यंत वापरलं. होळीनंतर शनी आला.

"नोटा छापतंय कोण?" यशोदाबाईंनी एकदा विचारलं. त्या शेंगांची चटणी कुटत होत्या.

"छापतात म्हणजे, त्यांचंच सरकार छापतं. पण नाइलाजाने छापतं गं."

"नाइलाजाने छापलेल्या नोटेला भाव जास्त येतो का?"

"तुला ते समजायचं नाही. अर्थशास्त्र आहे ते."

मुसळ जरा जोरात पडलं. त्या दिवशीची चटणी पिठासारखी बारीक झाली होती आणि पंतांनी ती दोनदा मागून घेतली.

ज्येष्ठ लागायच्या आधी सोलापुरात जे ऊन पडतं ते पडलं होतं. पुण्याच्या शाळेचं पत्र आलं होतं: पद्मजाला जागा आहे, जूनच्या दहा तारखेच्या आत सहामाहीचे पैसे भरावेत, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला देण्यात येईल. पद्मजाने ते पत्र स्वतः वाचलं, घडी घातली आणि आईच्या पुढ्यात ठेवलं. तिने काही म्हटलं असतं तर यशोदाबाईंना सोपं गेलं असतं.

त्याच सकाळी मंद्रूपकडची केराबाई आली. केराबाई धनगराची. दर वर्षी मृगाच्या आधी डोक्यावर घोंगड्यांची चळत घेऊन पेठेत फिरायची, आणि पहिलं बसणं करकंबकरांच्या ओसरीवर.

"आक्का, पानी द्या आधी. जीव भाजून निघालाय."

पाणी झालं, गूळ झाला. यशोदाबाईंनी दर वर्षीसारखी एक घोंगडी ओढली, तिचा कोपरा बादलीत बुडवला, दोन्ही हातांनी खसाखसा चोळला आणि पाणी बघितलं. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्याने सूत बसतं आणि माल ताठ दिसतो. थोडी खळ लागतेच. पण किती खळ आणि किती लोकर, हे पाणी सांगतं. पाणी जरासंच गढूळ झालं. कोपरा होता तसा राहिला.

"बगा बगा, चांगलं बगा," केराबाई म्हणाली. "माजं घोंगडं हाय, गुंडाचं न्हवं."

"कोण गुंडा?"

"माजा चुलत दीर की! आवो, लई फजिती झाली त्येची. कुना गुत्तेदाराला शंभर घोंगडी कबूल करून बसला. आन रोगानं निम्मी मेंढरं मेली. लोकर उरली चाळीस घोंगड्यांची. आता मानसानं काय करावं? जावं, सांगावं, बाबा, न्हाय जमत, चाळीसच घे. व्हय का न्हाय? पर गुंडाची जीब कुटली वळाय! मिशी आडवी येती. त्येनं त्याच लोकरीची शंभर इनली. उरल्याली खळ."

"मग?"

"मग काय! पयला पाऊस आला, आन मानसांच्या आंगावर नुसती लापशी. बाजारात बोंब झाली. घोंगड्याचा भाव निम्म्यावर आला. आता तरी गप बसावं? तर ह्यो शाना म्हनतो, भाव निम्मा झाला तर मी दुप्पट इनतो, म्हंजी पैका तितकाच येतो! लोकर हाय तेवडीच. खळ वाडली. शेवटी शेवटी त्येचं घोंगडं भिताडाला टेकून उबं ऱ्हायचं, पावन्यावानी." केराबाई हसता हसता खोकली. "आन वर काय म्हनतो ठावं हाय? म्हनतो, लोकांची नजर लागली."

यशोदाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, आत गेल्या, तिसऱ्या खंडातून एक नोट काढून बाहेर आल्या आणि ती केराबाईच्या हातात दिली.

केराबाईने नोट उलटीसुलटी केली. अंगठा आणि बोटात धरून चोळली. मागच्या दोन बाया बघितल्या.

"झ्याक हाय की! कुटलं म्हनायचं हे?"

"जर्मनीचं. हजाराची नोट आहे."

"हजार?" केराबाईने नोट उजेडाकडे धरली, जशी ती घोंगडी धरायची. "आन ह्येच्यात लोकर किती हाय?"

यशोदाबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. सव्वा वर्ष त्या पंतांच्या पाठीमागे वर्तमानपत्र वाचत होत्या. तुकडे सगळे त्यांच्याजवळ होते. ते आता एकापुढे एक येऊन उभे राहिले. हे लोक लढाईला निघाले ते उसन्या पैशावर, कारण हरेल तो भरेल आणि हरणार दुसरेच. मग स्वतःच हरले. मग जिंकलेल्यांनी सांगितलं, सोनं मोजा. तेव्हा सरकारातल्या एकाही मिशीवाल्याने उठून आपल्याच लोकांना सांगितलं नाही, की बाबांनो, शंभर कबूल केली होती, लोकर चाळीसाची आहे, सगळ्यांनी पोटाला चिमटा घ्या. सैनिकांच्या विधवांना हो म्हटलं, खाणीतल्या मजुरांना हो म्हटलं, कारखानदारांना हो म्हटलं. आणि हो म्हणायला दमडी लागत नाही म्हणून नुसता कागद छापला. फ्रेंच आले ते नंतर. शनी तर आलाच नव्हता.

पंतांनी हे सगळं वाचलं होतं. त्यांना समजत नव्हतं असंही नव्हतं. आणि इथे यशोदाबाईंना जो राग आला तो मार्काचा नव्हता. जर्मनी कुठे आहे हेही त्यांनी पद्मजाच्या नकाशात पाहिलं होतं, आणि तेवढ्या लांबच्या लोकांवर रागावणं त्यांना जमत नव्हतं. त्यांना राग आला तो ह्याचा, की गुंडा आपल्या घरातच आहे. एकदा "चुकलो" म्हणायला लागू नये म्हणून तो सव्वा वर्ष रोज एक कारण छापतो आहे, आणि पहिल्याचा भाव उतरला की दुसऱ्या दिवशी दोन.

"आक्का, पानी उकळाय लागलंय जनू तुमच्या डोळ्यात," केराबाई म्हणाली.

"ही घोंगडी ठेवून जा," यशोदाबाई म्हणाल्या.

दुपारी पंत आले ते हवेत तरंगत. संध्याकाळी वाचनालयाच्या पटांगणात त्यांचं व्याख्यान होतं, विषय "मार्काचे भवितव्य". गल्लीतल्या नऊ घरांनी पंतांच्या शब्दावर मार्क घेतले होते, त्यामुळे गर्दी होणार हे नक्की होतं.

"अगं, आज रुपयाला वीस हजार!" पंत पगडी काढत म्हणाले. "आपल्याला जे अडीचशेला पडले ते आज एका रुपयाला!"

"म्हणजे आपले अडीचशे आज एक रुपया झाले."

"तू उलटीकडून बघतेस. आता घ्यायची वेळ आहे. तुझी बोरमाळ आहे ना, तिचे नव्वद रुपये तरी येतील. नव्वद गुणिले वीस हजार. अठरा लाख! आपण लक्षाधीश होऊ गं."

"आणि पद्मजाची सहामाही?"

"अठरा लाखांत तिची सहामाही कुठे दिसेल तरी का?"

यशोदाबाईंनी गळ्यातल्या बोरमाळेला हात लावला. कोपऱ्यात पद्मजा गणिताच्या पुस्तकावर वाकून बसली होती आणि एकच ओळ मघापासून वाचत होती.

"संध्याकाळी व्याख्यानाला येते," यशोदाबाई म्हणाल्या. "तिथे सांगते."

पंतांनी ह्याचा जो अर्थ घेतला तो त्यांच्या स्वभावाला धरूनच होता.

पटांगणात अजून उजेड होता. पुढे पुरुष, डाव्या अंगाला जाजमावर बायका. महादेवप्पा पहिल्या रांगेत मांडीवर मार्कांनी भरलेली कापडी पिशवी घेऊन बसला होता. पंत पाऊण तास बोलले. मार्क मेला नाही, तो समाधीत आहे असं म्हणाले. जर्मन माणसाच्या शिस्तीबद्दल बोलले. टाळ्या मात्र विरळ पडत होत्या. नऊ घरांतले नऊ कर्ते पुरुष हाताची घडी घालून बसले होते. तेव्हा पंतांनी आवाज चढवला.

"नुसतं बोलणारा मी नव्हे! सुरुवात माझ्या घरातून. आमच्या कुटुंबाने आज गळ्यातली बोरमाळ ह्या कार्यासाठी काढून द्यायचं ठरवलं आहे!"

सगळ्या माना डावीकडे वळल्या. यशोदाबाई उभ्या राहिल्या. शेजारची बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघून जरा बाजूला सरकली.

"मला एवढं मोठं शास्त्र कळत नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "मला महादेवप्पांना एक विचारायचं आहे. महादेवप्पा, तुमच्याकडे जर्मनीचा निळा रंग आहे?"

"हाय की, वैनी. एक नंबर."

"माझ्याकडे जर्मनीचे वीस हजार मार्क आहेत. हे घ्या आणि त्याचा रंग द्या. दोघंही एकाच घरचे, जुळतील."

लोक हसले. महादेवप्पाही हसला, पण हात पिशवीवरून हलला नाही.

"तसं न्हाय जमत, वैनी."

"का? मार्क समाधीत आहे ना? मग रंगाच्या कंपनीला पाठवा, तिच्या दारात समाधी उतरेल. कंपनीचं बिल तुम्ही मार्कातच भरत असाल."

महादेवप्पाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माणूस लबाड होता, पण देवळाच्या वाटेवर राहत होता आणि सभेत सरळ खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"कंपनी मार्क घेत न्हाय," तो म्हणाला.

"काय म्हणालात? मागे ऐकू गेलं नाही."

"जर्मन कंपनी मार्क घेत न्हाय, वैनी! दोन वर्सं झाली. पौंडात बिल करतेत. इंग्रजाच्या पौंडात."

नऊ घरांतले नऊ जण महादेवप्पाच्या पिशवीकडे बघायला लागले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" यशोदाबाईंनी विचारलं, आणि आता त्या महादेवप्पाकडे बघत नव्हत्या.

पंतांच्या हातात पाण्याचा पेला होता. "वास्तविक पाहता," ते म्हणाले, "परदेशी व्यापाराचे संकेत थोडे निराळे..."

"ठाऊक होतं की नव्हतं?"

"शिमग्याच्या सुमारास कानावर आलं होतं. परंतु..."

"तीन महिने," यशोदाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. तसा तो कधीच नसायचा. "ज्यांनी ह्या नोटा छापल्या तेच घेत नाहीत, हे तुम्हाला तीन महिने ठाऊक आहे. आणि दुपारी तुम्ही माझ्या गळ्याकडे बोट केलंत."

त्या जाजमावरून उतरल्या आणि पद्मजाचा हात धरून निघून गेल्या. मागे नऊ घरांतल्या पुरुषांनी हाताच्या घड्या सोडल्या होत्या. व्याख्यान तिथेच संपलं. आभारप्रदर्शन झालं नाही, ही त्या वाचनालयाच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

पंत घरी आले तेव्हा पगडी काखेत होती आणि धोतराचा एक सोगा फाटलेला. यशोदाबाईंनी ओसरीवर केराबाईची घोंगडी अंथरली होती. घोंगडीवर कोशाचे पाचही खंड. शेजारी दौत, टाक, पुण्याच्या प्रोफेसरांचं पत्र आणि एक कोरं पोस्टकार्ड.

पंतांनी कोशाकडे पाहिलं, पोस्टकार्डाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की दुसऱ्या कोणत्याही दिवशी यशोदाबाईंना दया आली असती.

"हे नको," ते म्हणाले. "अगं, हे नको. बाकी काहीही माग."

"बाकी काय आहे?"

पंतांनी घरभर नजर फिरवली. त्यांना पहिल्यांदाच दिसलं, की बाकी काही नाही.

"पाटल्या मी माझ्या हाताने उतरवल्या होत्या," यशोदाबाई म्हणाल्या. "हे तुम्ही तुमच्या हाताने बांधायचं. जर्मनांवर भरवसा आहे ना तुमचा? माझाही बसला. त्यांनी ह्या कागदावर जे छापलं त्यात लोकर आहे. लढाई झाली, राजा पळाला, तरी दोनशे रुपये येतात. बसा. लिहा."

पंतांनी टाक दौतीत बुडवला आणि सवयीप्रमाणे वर संस्कृतात नमनाचा श्लोक सुरू केला.

"श्लोक नको. मी सांगते ते लिहा. कोश देणे आहे. दोनशे रुपये रोख. येत्या सोमवारी मी स्वतः घेऊन येतो."

पंतांनी लिहिलं. टाक थांबला. "आणखी काही?"

"लिहा, रुपये इंग्रजांचे चालतील." आता यशोदाबाईंचा राग आणखी एका दिशेला वळला. "तेही किती दिवस, कोण जाणे. त्यांच्याही नोटेवर रुपये देऊ म्हणून नुसतं कबूलच केलेलं असतं ना?"

हे शेवटचं वाक्य पंतांनी कार्डावर घेतलं नाही. सरकारी नोकर होते.

मग त्यांनी खंड एकावर एक रचले. प्रत्येक खंड धोतराच्या फाटक्या सोग्याने पुसला. तिसऱ्यातून वीस नोटा बाहेर काढून ठेवल्या. घोंगडीची चार टोकं एकत्र आणली. गाठ बसेना. पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. यशोदाबाई समोर बसून बघत राहिल्या आणि त्यांनी मदतीला हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा बसली.

"खरं म्हणजे," पंत म्हणाले, "ह्याचं मूळ जर तू..."

यशोदाबाईंनी नुसता हात वर केला. कोपरापर्यंत मोकळा हात, मनगटाला दोन काचेच्या बांगड्या. पंत त्या हाताकडे बघत राहिले. एक कारण शोधलं, दुसरं शोधलं. मग त्यांनी शोधायचंच सोडलं.

"चुकलो," ते म्हणाले. इतकं हळू, की घोंगडीलाही ऐकू गेलं नसेल.

"तीन महिन्यांपूर्वी ह्याला मोल होतं," यशोदाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

सोमवारी टांगा दारात आला. पद्मजाच्या ट्रंकेच्या तळाला गंज होता. साड्यांना डाग पडू नयेत म्हणून तिने तिथे कागद अंथरला होता. वीस हजार मार्क जवळजवळ पुरले, एका कोपऱ्यात जरा कमी पडले. पंतांनी घोंगडीचं गाठोडं खांद्यावर घेतलं. ओझ्याने ते एका अंगाला वाकले होते. टांग्यात चढता चढता त्यांनी वळून विचारलं, "घोंगडी परत आणू ना?"

"घोंगडी आणा," यशोदाबाई दारातून म्हणाल्या. "ती पावसात लागेल. सहामाहीची पावती आणा. मला समजावून सांगायला मात्र काही आणू नका."